नोंदलेले आणि न नोंदलेले : आयरिश कुटुंबेतिहासाची साधने – पॅरिश नोंदवह्या आणि भूमी-दप्तर

कुटुंबेतिहास हा विषय आपल्याकडे बराच काळ हौशी मंडळींचा प्रांत मानला गेला. राजवंश, घराणी आणि वतने यांच्या वंशावळी हे इतिहासाचे साधन समजले गेले. परंतु साध्या शेतकऱ्याची, मजुराची किंवा कारागिराची वंशावळ शोधणे हे इतिहाससंशोधकाचे काम नव्हे, अशी एक धारणा होती. या दृष्टीने आयर्लंडचे उदाहरण अभ्यासनीय ठरते. एकोणिसाव्या शतकात या छोट्या बेटावरून लक्षावधी माणसे अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया आणि ब्रिटन येथे गेली. त्यांचे वंशज आज आपल्या पूर्वजांचे गाव शोधत आयरिश दप्तरखान्यांचे दार ठोठावतात. हे पूर्वज बहुतांशी छोटी कुळे, शेतमजूर आणि भूमिहीन होते. त्यांचा शोध घेताना कोणती कागदपत्रे हाती लागतात, कोणती लागत नाहीत आणि का लागत नाहीत, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

आयरिश कुटुंबेतिहासाचे कोणतेही विवेचन १९२२ च्या आगीपासून सुरू होते. अँग्लो-आयरिश कराराला विरोध करणाऱ्या सैनिकांनी त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये डब्लिनमधील ‘फोर कोर्ट्स’ ही न्यायालयांची इमारत ताब्यात घेतली. याच आवारात आयर्लंडचे सार्वजनिक अभिलेखागार होते. २८ जूनला तोफांचा मारा सुरू झाला आणि ३० जूनला झालेल्या प्रचंड स्फोटात व आगीत अभिलेखागाराचा कोठार-विभाग जळून खाक झाला. सुमारे सात शतकांचे दप्तर त्यात गेले. मृत्युपत्रांचे मूळ कागद, न्यायालयीन दप्तरे, चर्च ऑफ आयर्लंडच्या सुमारे एक हजार पॅरिशांच्या नोंदवह्या आणि १८२१ ते १८५१ या चार जनगणनांची बहुतेक मूळ पत्रके नष्ट झाली. त्यामुळे ‘आयरिश कागदपत्रे सगळी जळाली’ हे वाक्य शोधकर्त्यांच्या तोंडी इतके रुळले आहे की, शोध थांबवण्याचे ते एक सोयीचे कारणच होऊन बसले आहे.

हे विधान तपासून पाहिले पाहिजे. आयर्लंडमध्ये १८२१ पासून १९११ पर्यंत दर दहा वर्षांनी जनगणना झाली. आज १९०१ आणि १९११ या दोनच जनगणनांची कुटुंबवार पत्रके संपूर्ण स्वरूपात उपलब्ध आहेत. आयर्लंडच्या राष्ट्रीय अभिलेखागाराने ती संगणकावर सर्वांसाठी विनामूल्य खुली केली आहेत. उरलेल्या आठ जनगणनांपैकी पहिल्या चार आगीत गेल्या, हे खरे. परंतु १८६१ आणि १८७१ ची पत्रके आकडेवारी काढून झाल्यावर शासकीय आदेशानेच नष्ट करण्यात आली होती. आणि १८८१ व १८९१ ची पत्रके पहिल्या महायुद्धाच्या काळात कागदाच्या लगद्यासाठी दिली गेली. म्हणजे आठपैकी चार जनगणनांचा नाश तोफेने केलेला नाही. तो कचेरीतील एका निर्णयाने, कोणताही गाजावाजा न होता झाला. आगीची शोकांतिका सर्वांना ठाऊक आहे. कारकुनी नाशाची मात्र आठवण ठेवली जात नाही, आणि दप्तरांच्या इतिहासात असे वारंवार घडते असे म्हणावे लागते.

याहून महत्त्वाचा मुद्दा असा की, जळालेल्या दप्तरापैकी बराच मोठा भाग गरीब आयरिश कॅथलिक माणसाचा नव्हताच. मृत्युपत्रे करणारे लोक मालमत्ता असणारे होते. नष्ट झालेल्या पॅरिश नोंदवह्या चर्च ऑफ आयर्लंडच्या, म्हणजे १८७१ पर्यंत राजमान्य असलेल्या अल्पसंख्य प्रॉटेस्टंट चर्चच्या होत्या. १८६९ च्या कायद्याने या चर्चची राजमान्यता काढून घेण्यात आली. ती १ जानेवारी १८७१ पासून अमलात आली आणि त्यानंतर त्याच्या जुन्या नोंदवह्यांना सार्वजनिक अभिलेखांचा दर्जा मिळाला. सुरक्षिततेसाठी त्या डब्लिनला पाठवाव्यात, स्थानिक पातळीवर चांगली व्यवस्था असेल तरच ठेवून घ्याव्यात, अशी योजना होती. निम्म्याहून अधिक पॅरिशांनी त्या पाठवल्या आणि नेमक्या त्याच जळाल्या. बहुसंख्य जनतेच्या कॅथलिक चर्चच्या नोंदवह्यांना मात्र शासनाने कधीही सार्वजनिक अभिलेख मानले नव्हते. त्या गावोगावच्या धर्मगुरूंच्या घरी, कपाटांत आणि पेट्यांत राहिल्या आणि म्हणून वाचल्या. शासनाच्या लेखी ज्यांना किंमत नव्हती, ते कागद टिकले, हा या दप्तराचा पहिला विरोधाभास होय.

पॅरिश नोंदवह्या

कॅथलिक चर्चमध्ये विवाहाची नोंद ठेवण्याचा दंडक १५६३ मध्ये ट्रेंटच्या धर्मपरिषदेने घातला. गोव्यातील चर्चच्या जुन्या नोंदवह्या पाहिलेल्या अभ्यासकांना या परंपरेचा परिचय असेलच. गोव्यात राज्यसत्ता आणि चर्च एकाच बाजूला होते. आयर्लंडमध्ये ते परस्परांविरुद्ध होते. सतराव्या शतकाच्या अखेरीपासून लागू झालेल्या दंडात्मक कायद्यांनी बिशपांना हद्दपार केले, धर्मगुरूंना शासनाकडे नाव नोंदवायला लावले आणि कॅथलिकांच्या जमीनखरेदीवर व दीर्घ मुदतीच्या पट्ट्यांवर बंदी घातली. अशा स्थितीत धर्मगुरूने नियमित नोंदवही ठेवणे अवघड होते. म्हणूनच वेक्सफर्ड शहराची नोंदवही १६७१ पासून उपलब्ध असली, तरी तो अपवाद आहे. पूर्वेकडील सधन आणि शहरी पॅरिशांत अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून नोंदी सापडतात. पश्चिमेकडील मेयो, डोनेगॉल यांसारख्या गरीब कौंटींत त्या १८२० नंतर, काही ठिकाणी तर १८५० नंतर सुरू होतात. ज्या भागातून दुष्काळात सर्वाधिक माणसे गेली, त्याच भागातील नोंदी सर्वांत उशिरा सुरू होतात, ही गोष्ट शोधकर्त्याने आरंभीच समजून घेतलेली बरी.

नोंदीचे स्वरूप साधे असते. बाप्तिस्म्याच्या नोंदीत तारीख, बालकाचे नाव, वडिलांचे नाव, आईचे नाव माहेरच्या आडनावासह आणि दोन धर्ममातापित्यांची नावे असतात. पुष्कळदा राहण्याचे ठिकाणही दिलेले असते. भाषा इंग्रजी किंवा लॅटिन. ज्या माणसांच्या घरात आयरिश भाषा बोलली जात होती, त्यांची नोंद त्यांच्या भाषेत जवळजवळ कधीच झाली नाही. घरी ज्याला डिअर्मिड म्हणत, तो नोंदवहीत जेरेमिया होतो. जेम्सचा जाकोबुस होतो, विल्यमचा गुलिएल्मुस आणि नोराची होनोरिया. आडनावांचीही तीच कथा आहे. ‘ओ’ आणि ‘मॅक’ ही पूर्वपदे इंग्रजी सत्तेच्या काळात गळून पडली, आणि पुढे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस राष्ट्रीय जागृतीबरोबर काहींनी ती पुन्हा धारण केली. मॅक गॉवन हे लोहाराच्या व्यवसायाचे आडनाव कुठे मॅकगॉवन राहिले, तर कुठे भाषांतर होऊन सरळ स्मिथ झाले. त्यामुळे नावाच्या एकाच वर्णलेखनावर विसंबून राहणारा शोध लवकरच खुंटतो.

नोंदवहीचे खरे मोल मात्र दुसरीकडे आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. भूमी-दप्तरात स्त्री सहसा दिसत नाही. ती दिसते ती विधवा झाल्यावर, नवऱ्याची जमीन तिच्या नावे लागली तर. कॅथलिक बाप्तिस्मा-नोंद मात्र प्रत्येक मातेचे माहेरचे आडनाव देते. एकाच टापूत एकाच नावाचे पाच-सहा जॉन मर्फी असतील, तर त्यांची कुटुंबे वेगळी करण्याचा जवळजवळ एकमेव मार्ग म्हणजे त्यांच्या पत्नींची माहेरची नावे. पुरुषांची वंशावळ स्त्रियांच्या नावांच्या आधाराने उभी राहते, ही बाब आपल्या वंशावळींच्या परंपरेशी तुलना करता लक्षणीय आहे. आपल्या बहुतेक जुन्या वंशावळींत स्त्रीचे माहेर तर सोडाच, तिचे नावही आढळत नाही. धर्ममातापित्यांची नावेही अशीच उपयोगी पडतात. ते बहुधा मामा, मावशी, काका, आत्या किंवा शेजारी असत. एका दांपत्याच्या सगळ्या मुलांच्या नोंदी एकत्र मांडल्या की, त्या आठ-दहा धर्ममातापित्यांच्या नावांतून कुटुंबाचे सोयरेधायरे उलगडत जातात.

विवाहाच्या नोंदी त्या मानाने कोरड्या आहेत. वधू, वर आणि दोन साक्षीदार एवढ्यावर बऱ्याच धर्मगुरूंनी भागवले. पण कधीकधी शेजारी लॅटिनमध्ये एक शेरा असतो : दुसऱ्या किंवा तिसऱ्या पायरीच्या रक्तसंबंधाबाबत सूट दिली. दुसरी पायरी म्हणजे दोघांचे आजी-आजोबा सामाईक, तिसरी म्हणजे पणजोबा-पणजी सामाईक. नोंदवही जिथे सुरू होते त्याच्या दोन पिढ्या मागे जाण्याची वाट या एका शेऱ्याने मोकळी होते. दफनाच्या नोंदी कॅथलिक वह्यांत क्वचितच मिळतात. पुष्कळ ठिकाणी जुनी दफनभूमी राजमान्य चर्चच्या ताब्यात होती. या उणिवेचा परिणाम किती भयंकर झाला, ते पुढे पाहू.

या नोंदवह्यांचे १८८० पर्यंतचे मायक्रोफिल्म आयर्लंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने १९५० आणि १९६० च्या दशकांत तयार केले, आणि जुलै २०१५ मध्ये एक हजारांहून अधिक पॅरिशांच्या पानांच्या प्रतिमा संगणकावर विनामूल्य खुल्या केल्या. तत्पूर्वी काही ठिकाणी मायक्रोफिल्म पाहण्यासाठीही बिशपची परवानगी लागत असे.

भूमी-दप्तर

चर्चची नोंदवही माणूस कोणाच्या पोटी जन्मला ते सांगते. तो कोठे व कशावर जगत होता, ते भूमी-दप्तर सांगते. यात दोन संच महत्त्वाचे आहेत. पहिला संच म्हणजे १८२३ ते १८३८ या काळातील दशमांश आकारणीच्या वह्या. शेतीच्या उत्पन्नाचा ठरावीक भाग राजमान्य चर्चच्या धर्मगुरूला देणे सर्वांवर बंधनकारक होते, मग देणारा कोणत्याही पंथाचा असो. १८२३ च्या कायद्याने हा कर धान्यरूपाऐवजी रोख रकमेत ठरवण्याची सोय केली आणि त्यासाठी पॅरिशवार जमिनीची व धारकांची यादी तयार झाली. पूर्वी गवताळ कुरणे या करातून बहुतांशी सुटलेली होती आणि बोजा नांगरटीखालील जमिनीवर, म्हणजे छोट्या शेतकऱ्यावर पडत असे. नव्या आकारणीने कुरणवाल्या मोठ्या शेतकऱ्यांनाही ओढले. परक्या पंथाच्या चर्चला कर देण्याविरुद्ध १८३१ पासून उसळलेला प्रतिकार ‘दशमांश युद्ध’ म्हणून इतिहासात प्रसिद्ध आहे. वसुली बुडालेल्या धर्मगुरूंना शासनाने मदत देऊ केली, तेव्हा त्यांनी कर न देणाऱ्यांच्या याद्या सादर केल्या. त्यांतील काही टिकल्या आहेत. वंशजांच्या दृष्टीने कर भरणाऱ्या पूर्वजापेक्षा तो नाकारणारा पूर्वज अधिक सविस्तर नोंदला जावा, यात एक गंमत आहे.

या वह्या वाचताना एक सावधगिरी बाळगावी लागते. त्यांतील क्षेत्रफळ पुष्कळदा आयरिश एकरात आहे आणि आयरिश एकर हा कायदेशीर एकराच्या सुमारे १.६२ पट मोठा. हे लक्षात न घेता पुढच्या दप्तराशी तुलना केल्यास पूर्वजाची जमीन वाढल्याचा भास होतो.

दुसरा आणि अधिक महत्त्वाचा संच ‘ग्रिफिथ मूल्यांकन’ या नावाने ओळखला जातो. रिचर्ड ग्रिफिथ (१७८४–१८७८) या भूगर्भशास्त्रज्ञ अभियंत्याच्या देखरेखीखाली संपूर्ण आयर्लंडमधील जमीन व इमारतींचे करआकारणीसाठी मूल्य ठरवण्यात आले आणि १८४७ ते १८६४ या काळात ते छापून प्रसिद्ध झाले. त्यामागे नकाशांचे मोठे काम उभे होते. १८२४ मध्ये थॉमस कोल्बी यांच्या नेतृत्वाखाली आयर्लंडचा एका मैलाला सहा इंच या प्रमाणाचा सर्वेक्षण-नकाशा हाती घेतला गेला. या सर्वेक्षणाचा भारताशी थेट संबंध आहे. जॉर्ज एव्हरेस्ट यांनी १८२९ मध्ये आयर्लंडला जाऊन ते काम पाहिले आणि पायारेषा मोजण्यासाठी कोल्बी यांनी योजलेले धातूचे दांडे पुढे भारताच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणात वापरले गेले. गोल्डस्मिड आणि विंगेट यांची इंदापूर तालुक्यातील जमीनमोजणी व आकारणीही १८३५-३६ चीच. एकाच साम्राज्याच्या दोन टोकांना एकाच दशकात जमिनीचे तुकडे मोजून त्यांच्यापुढे माणसांची नावे लिहिली जात होती.

ग्रिफिथच्या पानावर टाउनलँडचे नाव, नकाशातील क्रमांक, धारकाचे नाव, त्याला ज्याने जमीन दिली त्याचे नाव, मालमत्तेचे वर्णन, क्षेत्र आणि जमीन व इमारत यांचे वेगवेगळे वार्षिक मूल्य असे रकाने आहेत. टाउनलँड म्हणजे जमिनीचा सर्वांत लहान नामांकित विभाग. आपल्याकडील ‘मौजे’ची आठवण करून देणारा, पण बहुधा त्याहून बराच लहान. असे साठ हजारांहून अधिक टाउनलँड आयर्लंडमध्ये आहेत. ‘जमीन देणारा’ हा रकाना विशेष काळजीने वाचावा लागतो. तो जमीनदार असेलच असे नाही. मध्यस्थ असेल, किंवा स्वतःच कूळ असून पोटकूळ ठेवणारा शेतकरी असेल. एकाच नावाचे दोन धारक शेजारी असतील, तर कारकुनाने कंसात वडिलांचे नाव किंवा केसांचा रंग लिहिला आहे : रायन जॉन (टिम), रायन जॉन (तांबडा). वडिलांचे नाव मध्ये लिहिण्याची आपली रीत ठाऊक असणाऱ्या वाचकाला या कंसाचे मोल वेगळे सांगायला नको; त्या एका शब्दाने एक पिढी मागे जाता येते.

छापील मूल्यांकनामागे हस्तलिखित वह्या आहेत. घरांच्या वहीत घराची लांबी, रुंदी, उंची आणि दर्जाचे अक्षर, तर कुळांच्या वहीत खंडाची रक्कम आणि पट्टा आहे की मालकाच्या मर्जीवर जमीन आहे, याची नोंद. मूल्यांकनानंतरच्या दुरुस्त्यांच्या वह्या तर आपल्या फेरफार-नोंदींची आठवण करून देतात. जुने नाव खोडून वर नवे लिहिले जाई, आणि बदल कोणत्या वर्षीचा ते समजावे म्हणून वेगवेगळ्या रंगांची शाई वापरली जाई. बापाचे नाव जाऊन मुलाचे लागले, ते वर्ष बापाच्या मृत्यूच्या आसपासचे असू शकते. नाव गेले आणि जागी कोणीच आले नाही, तर कुटुंबाने देश सोडला असण्याची शक्यता असते.

परंतु भूमी-दप्तराकडे केवळ शोधाचे साधन म्हणून पाहणे अपुरे आहे. ते माणसांच्या नशिबात ढवळाढवळ करणारे दप्तर होते. १८४३ च्या कायद्यानुसार चार पौंड किंवा त्याहून कमी मूल्याच्या धारणेवरील गरीबनिधीचा कर कुळाऐवजी जमीनदाराने भरायचा होता. दुष्काळात हा कर भरमसाट वाढला आणि छोटे कूळ हे जमीनदाराच्या दृष्टीने थेट तोट्याचे कलम झाले. त्याला हुसकावून जमीन मोठ्या कुरणाला जोडणे फायद्याचे ठरू लागले. त्यातच १८४७ च्या कायद्याने पाव एकराहून अधिक जमीन धारण करणाऱ्यास शासकीय मदत नाकारली. पोटासाठी जमीन सोडावी लागली आणि जमीन सुटताच नाव यादीतून सुटले. १८४७ नंतर प्रसिद्ध झालेली ग्रिफिथची पाने अशा रीतीने आधीच गाळलेली आहेत. दशमांश वहीत जिथे वीस नावे दिसतात आणि ग्रिफिथमध्ये तीन, तिथे ‘गुराख्याचे घर’ अशी वर्णनाची ओळ आढळली, तर मधल्या पंधरा-वीस वर्षांत काय घडले असेल, याचा अंदाज करता येतो. ही तुलना केल्याशिवाय ‘आमचे पूर्वज ग्रिफिथमध्ये नाहीत’ एवढ्यावर थांबणे म्हणजे पुरावा हाती असून तो न वाचणे होय.

आणि जे धारकच नव्हते, त्यांचे काय? शेतकऱ्याच्या बांधावर खोपट घालून मजुरीच्या मोबदल्यात बटाट्यापुरती जमीन कसणारा मजूर दशमांश वहीत बहुधा नाही. १८३० च्या दशकातील मूल्यांकनात सुरुवातीला तीन आणि १८३८ नंतर पाच पौंडांखालील घरे वगळली होती. त्यामुळे तिथेही तो नाही. १७०८ मध्ये स्थापन झालेली आणि १९२२ मध्ये सुखरूप राहिलेली डब्लिनची दस्तनोंदणी कचेरी तर मालमत्ता असणाऱ्यांचीच. या माणसाला १९२२ च्या आगीने पुसले असे म्हणता येत नाही. भूमी-दप्तरात त्याला कोणी लिहिलेच नव्हते.

दोन दप्तरांचा सांधा

चर्चची नोंदवही आणि भूमी-दप्तर यांना जोडणारा दुवा म्हणजे टाउनलँडचे नाव. ते ठाऊक नसेल तर शोध सुरूच होत नाही. परदेशी वंशजाकडे बहुधा ‘कौंटी कॉर्क’ एवढेच असते. आणि कॉर्क ही आयर्लंडमधील सर्वांत मोठी कौंटी. म्हणून अनुभवी संशोधक आधी परदेशातील कागद धुंडाळण्यास सांगतात : थडग्यावरील लेख, विवाहाची नोंद, लष्करी सेवापुस्तिका. आपल्या दृष्टीने यातील एक धागा जवळचा आहे. ईस्ट इंडिया कंपनीच्या गोऱ्या सैन्यात आयरिश शिपायांचा मोठा भरणा होता. मुंबई इलाख्यातील छावण्यांत झालेले बाप्तिस्मे, विवाह व दफने यांच्या प्रती लंडनला पाठवल्या जात. त्या आज ब्रिटिश ग्रंथालयाच्या इंडिया ऑफिस दप्तरात आहेत. एखाद्या आयरिश कुटुंबाची तुटलेली कडी पुणे किंवा अहमदनगरच्या छावणीत सापडणे त्यामुळे अशक्य नाही.

नाव मिळाले की, १८६१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या टाउनलँडांच्या सूचीवरून त्याची पॅरिश ठरवता येते. येथे पुन्हा एक खाचखळगा आहे. शासनाची मुलकी पॅरिश आणि कॅथलिक चर्चची पॅरिश यांच्या सीमा जुळत नाहीत. मुलकी पॅरिशा सुमारे अडीच हजार, कॅथलिक पॅरिशा एक हजारांच्या घरात. आणि दोघींची नावेही पुष्कळदा भिन्न. १८६४ नंतरच्या काळासाठी जन्म, विवाह व मृत्यूची सक्तीची नागरी नोंदणी मदतीला येते. कॅथलिकेतर विवाहांची नोंदणी १८४५ पासूनच सुरू झाली होती. मात्र नागरी नोंदीतील जन्मतारखेवर आंधळा विश्वास ठेवू नये. मुदत टळली तर दंड होई. तो चुकवण्यासाठी पालक तारीख पुढे ढकलत. परिणामी जन्माच्या आधीच बाप्तिस्मा झालेली बालके आयर्लंडमध्ये संख्येने बरीच आढळतात! अशा वेळी धर्मगुरूची तारीख प्रमाण मानणे इष्ट.

या पद्धतीचे सर्वपरिचित उदाहरण म्हणजे अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष बराक ओबामा यांच्या मातृकुळाचा शोध. त्यांच्या आईकडील एक पूर्वज फालमथ कार्नी हा चर्मकाराचा मुलगा १८५० मध्ये एकोणिसाव्या वर्षी न्यूयॉर्कला उतरला. त्याचे मूळ कौंटी ऑफलीमधील मनीगॉल या छोट्या गावी असावे, असे अमेरिकेतील कागदांवरून दिसत होते. २००७ मध्ये त्या भागातील चर्च ऑफ आयर्लंडचे धर्मगुरू स्टीफन नील यांनी आपल्याकडील जुन्या नोंदवह्या तपासल्या आणि कार्नी कुटुंबाच्या नोंदी मिळाल्या. मे २०११ मध्ये ओबामा मनीगॉलला गेले, त्याचा जगभर गाजावाजा झाला. दप्तराच्या अभ्यासकाने यातून घ्यावयाची गोष्ट वेगळी आहे. हे कुटुंब कॅथलिक नव्हते. म्हणजे त्याच्या नोंदी जळण्याची शक्यता निम्म्याहून अधिक होती. डब्लिनला न पाठवता स्थानिक पातळीवर राहिलेल्या वह्यांमुळे हा दुवा टिकला.

शासनाने स्वतःहून केलेल्या एका नोंदीचा उल्लेख येथे आवश्यक आहे. १८४१ मध्ये आयर्लंडची लोकसंख्या ८१,७५,१२४ होती; १८५१ मध्ये ती ६५,५२,३८५ झाली. मधल्या दुष्काळात सुमारे दहा लाख माणसे मेली आणि त्याहून अधिक देशांतरास गेली. मेलेल्यांची नागरी नोंद नव्हती, कारण तसा कायदा १८६४ पर्यंत अमलात आला नाही. आणि कॅथलिक वह्यांत दफनाच्या नोंदी क्वचितच. बाप्तिस्म्यांच्या पानांवर त्या वर्षांत नोंदी विरळ होत गेलेल्या दिसतात. न जन्मलेल्यांच्या त्या रिकाम्या ओळींवरून मृतांचा अंदाज करावा लागतो. १८५१ च्या जनगणनेचे पत्रक मात्र अपवाद होते. त्यात घरातील हजर माणसांखेरीज, ६ जून १८४१ नंतर कुटुंबातील कोण कोण दगावले, त्यांची नावे विचारली होती. या माहितीवरून मृत्यूंचे तक्ते तयार करण्याचे काम विल्यम वाइल्ड या वैद्याने केले. लेखक ऑस्कर वाइल्डचे ते वडील. ज्या घरातले सगळेच गेले, तिथे सांगायला कोणी उरले नव्हते, ही त्या तक्त्यांची मर्यादा उघड आहे. तरीही दुष्काळातील मृतांची नावानिशी यादी शासकीय दप्तरात जर कोठे होती, तर ती या पत्रकांत होती. अँट्रिम कौंटीचा काही भाग आणि थोडे तुरळक अवशेष सोडले, तर ती १९२२ मध्ये जळाली. आगीचे खरे नुकसान मोजायचे तर ते येथे मोजावे.

त्यातूनही थोडे वाचले, ते एका अनपेक्षित कारणाने. १९०८ च्या कायद्याने सत्तर वर्षांवरील गरिबांना निवृत्तिवेतन मंजूर झाले आणि जानेवारी १९०९ पासून ते मिळू लागले. सत्तरीतील आयरिश माणसाकडे जन्मदाखला असण्याची शक्यताच नव्हती. त्याने अर्ज करायचा, त्यात आईवडिलांची नावे आणि बालपणीचे टाउनलँड सांगायचे, आणि अभिलेखागारातील कर्मचाऱ्याने १८४१ किंवा १८५१ चे पत्रक काढून त्याचे वय पडताळायचे, अशी रीत पडली. हे शोध-अर्ज आज राष्ट्रीय अभिलेखागारात उपलब्ध आहेत. मूळ पत्रक नाहीसे झाले, पण त्यातील एका घराचा उतारा, कधी सर्व भावंडांच्या नावांसह व वयांसह, अर्जाच्या कोपऱ्यात उतरून राहिला. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या पुढाकाराने जून २०२२ मध्ये खुल्या झालेल्या आभासी अभिलेखागारात जगभरच्या प्रती व उतारे जमवून जळालेल्या दप्तराची पुनर्बांधणी चालली आहे, ती याच तत्त्वावर. निवृत्तिवेतनाच्या शोध-अर्जांपैकी सगळेच सफल झालेले नाहीत. कित्येकांवर टाउनलँड, आई, वडील अशी सर्व माहिती अर्जदाराने अचूक दिलेली दिसते आणि खाली कर्मचाऱ्याचा एका ओळीचा शेरा असतो : ‘हे कुटुंब सापडत नाही.’